पंक्तिभेद आणि प्रभूचे मेज



क्षमा आणि समेट या विषयावर या अंकासाठी लिहाल का, असे मला विचारले गेले तेव्हा मी आधी नाही म्हटले. या विषयावर आपण उपदेश पुष्कळ ऐकतो, आणि महिला मंडळात मी स्वतःही पुष्कळ बोलले आहे. नंतर होकार कळवला, त्याला कारण गेल्या पावसाळ्यात आलेला एक फोन.

सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहात मी सत्तावीस वर्षे काम केले. भिल्ल, पावरा, मावची घरांतल्या मुली. दर वर्षी कापणीच्या सणाला शहरातल्या एका मंडळीचे आमंत्रण असे. मुली गाणी म्हणत, उपासनेनंतर प्रीतिभोजन होई. मंडळीचे लोक हॉलमध्ये टेबल-खुर्च्यांवर बसत. आमच्या मुली मागच्या ओसरीत, सतरंजीवर, पत्रावळी घेऊन. जेवण तेच, रस्सा तोच, वाढणारे हातही तेच. ही व्यवस्था कोणी आमच्यावर लादली नव्हती. पहिल्या वर्षी मीच सांगितले होते, की मुलींना खाली बसायची सवय आहे, त्या तिथे मोकळेपणाने जेवतील. आणि मी स्वतः आत जाऊन खुर्चीवर बसले होते.

फोन करणारी त्या मुलींपैकीच एक. आज ती एका रुग्णालयात नर्स आहे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने विचारले, “बाई, तुम्ही आम्हांला ओसरीत का बसवायच्या?”

मी म्हटले, “अगं, त्या काळी तसंच चालायचं. चुकलं असेल तर माफ कर मला.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माफ तर मी कधीच केलंय, बाई. पण हे तुम्ही त्या मंडळीत उभं राहून सांगाल का? आम्हांला आवडायचं म्हणून आम्ही बाहेर बसत नव्हतो, तुम्ही ठरवलं म्हणून बसत होतो, एवढंच.”

रेंज जात आहे, असे म्हणून मी फोन ठेवला. रेंज गेलेली नव्हती.

त्यानंतर काही महिने मी दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळ्यांविषयी जे मिळेल ते वाचत गेले. वर्णभेदाच्या त्या राज्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मंडेलांचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्या राज्यामागे जमिनीचा लोभ होता, सोन्याच्या खाणी होत्या, स्वस्त मजूर हवे होते. पण त्यातला एक धागा थेट प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत जातो, हे मला माहीत नव्हते.

तिथली गोऱ्यांची सर्वांत मोठी मंडळी म्हणजे डच रिफॉर्म्ड चर्च. १८२९ साली या चर्चच्या सिनडने ठरवले होते, की प्रभुभोजन सर्वांना एकत्र द्यायचे, रंग किंवा कुळ पाहायचे नाही. म्हणजे आरंभी त्यांना योग्य काय ते कळत होते. पण काही ठिकाणचे गोरे सभासद काळ्या ख्रिस्ती बांधवांबरोबर मेजाजवळ यायला कुरकुर करू लागले. १८५७ च्या सिनडने मग एक तोडगा काढला. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, असे ठरावात आधी स्पष्ट म्हटले. आणि पुढे असेही म्हटले, की काही जणांच्या दुर्बलतेमुळे जिथे अडचण येत असेल तिथे काळ्यांसाठी वेगळ्या इमारतीत व्यवस्था करायला हरकत नाही. दुर्बलता कोणाची, तर गोऱ्यांची. बाहेर कोण गेले, तर काळे.

हा ठराव वाचताना मला माझी ओसरी आठवली. माझ्याही वाक्यात दुष्टपणा नव्हता, सोय होती. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे मिशन चर्चच स्थापन झाले. पुढे जे विद्वान धर्मशिक्षक आले त्यांनी या सोयीला शास्त्राचा आधार शोधून दिला: देवानेच राष्ट्रे वेगळी केली, तेव्हा ती वेगळी राहावीत. १९४८ साली वर्णभेद हे सरकारी धोरण झाले, तेव्हा पंतप्रधान होते मलान, आणि ते याच चर्चचे माजी पाळक होते. नव्वद वर्षांत एक सवलत राज्याचा कायदा होऊन बसली.

आपल्या मराठीत याला फार जुना शब्द आहे, पंक्तिभेद. मला वाटते, नव्या करारातले पहिले मोठे भांडणही पंक्तिभेदाचेच आहे. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून काही माणसे येताच तो हळूच उठून वेगळा बसू लागला. त्याने तोंडाने काही चुकीचे शिकवले नव्हते. फक्त जागा बदलली होती. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला, कारण त्याच्या मते प्रश्न जेवणाचा नव्हता, सुवार्तेचा होता. देवाने आपल्याला फुकट, आपली लायकी न पाहता स्वीकारले, ही कृपा. मग तीच कृपा मिळालेल्या भावाबरोबर मी जेवत नसेन, तर मला नेमके काय मिळाले आहे असे मी समजते?

आता एका माणसाविषयी सांगते. त्याची गोष्ट मी सर्वांत जास्त वेळा वाचली.

बायर्स नोडे यांचा जन्म १९१५ चा. वडील डच रिफॉर्म्ड चर्चचे पाळक, आणि ब्रूडरबॉन्ड या गोऱ्या आफ्रिकानर पुढाऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. बायर्सही पाळक झाले, पंचविसाव्या वर्षी त्याच संघटनेचे सभासद झाले. हुशार, गोड बोलणारे, सर्वांचे लाडके. काही तरुण पाळक काळ्यांच्या मंडळ्यांत काम करत होते. त्यांनी नोडे यांना बोलावून वस्त्या दाखवल्या. आपल्याच देशात आपण हे कधी पाहिले नव्हते, याचा त्यांना धक्का बसला. दरम्यान ते वर्णभेदाला शास्त्रात आधार आहे का, याचा स्वतः अभ्यास करत होते, आणि आधार नाही हे त्यांना कळून चुकले होते. तरी ते बोलले नाहीत. आपल्याला भीती वाटत होती, असे त्यांनी पुढे सरळ कबूल केले आहे.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, ६९ माणसे मेली. त्याच वर्षी डिसेंबरात कॉट्सलो येथे मंडळ्यांची परिषद झाली. रंगावरून कोणालाही कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही, असे परिषदेने म्हटले. सरकार संतापले आणि डच रिफॉर्म्ड चर्चने माघार घेतली. नोडे यांनी घेतली नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांच्यापुढे पेच उभा राहिला: व्यासपीठ ठेवायचे, की सर्व वर्णांच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र आणणारी नवी संस्था चालवायची. जोहान्सबर्गच्या आपल्या श्रीमंत मंडळीत उभे राहून त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतून उपदेश केला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी, आणि पाळकाचा झगा उतरवला. जुने मित्र रस्त्यात ओळख दाखवेनासे झाले. १९७७ मध्ये सरकारने संस्था बंद केली आणि नोडे यांच्यावर बंदीहुकूम बजावला. एका वेळी एकाच माणसाशी बोलायचे. खोलीत तिसरा आला तर गुन्हा. अशी सात वर्षे. त्या काळातच, १९८० मध्ये, ते गोऱ्यांचे चर्च सोडून काळ्यांच्या मंडळीचे सभासद झाले. पंगत बदलली, एवढेच म्हणता येईल. पण अंत्युखियात पेत्र ज्या बाजूने उठला होता, त्याच्या नेमके उलट.

१९९४ साली त्यांच्या जुन्या चर्चच्या सिनडने त्यांची जाहीर माफी मागितली. २००४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा अलेक्झांड्रा या काळ्यांच्या वस्तीत विखुरण्यात आली.

दुसरे नाव आर्चबिशप डेझ्मंड टुटू. त्यांच्याविषयी आपल्या पत्रिकांत बरेच छापून येते, म्हणून एकच आठवण. त्यांची आई अंधांच्या एका संस्थेत स्वयंपाकाचे काम करी. लहानगा डेझ्मंड तिच्याशेजारी उभा असताना लांब झगा घातलेला एक गोरा पाद्री जवळून गेला आणि जाताना त्याने त्या स्वयंपाकीणबाईंना पाहून आपली हॅट उचलली. गोरा माणूस काळ्या मोलकरणीला मान देतो, हे त्या पोराने कधी पाहिले नव्हते. ते पाद्री ट्रेव्हर हडलस्टन. पुढे टुटू क्षयाने आजारी पडून दीड वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात होते, तेव्हा हेच पाद्री त्यांना नेमाने भेटायला आणि पुस्तके द्यायला येत. टुटू म्हाताऱ्या वयातही ती हॅट विसरले नव्हते. आपल्याकडे वसतिगृहात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मुले आपले उपदेश विसरतात आणि आपण त्यांच्या आईशी कसे बोललो, ते मात्र त्यांना आठवते.

नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्ग येथे देशभरातल्या मंडळ्यांचे पुढारी जमले. मंडेला नुकतेच तुरुंगातून सुटले होते. तिथे विली योंकर नावाचे धर्मशास्त्राचे गोरे प्राध्यापक उभे राहिले. वर्णभेदाच्या पापातला माझा स्वतःचा वाटा मी कबूल करतो, आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या व आफ्रिकानर लोकांच्या वतीनेही कबूल करतो, अशा अर्थाचे ते बोलले. टुटू उठले आणि म्हणाले, की असे कोणी मागितल्यावर आम्ही क्षमा नाकारू शकत नाही.

आपण इथेच गोष्ट संपवतो आणि “आमेन” म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी काही काळे प्रतिनिधी उठले. तुमच्या वतीने क्षमा करायला टुटूंना कोणी सांगितले? आणि हे प्राध्यापक एकटेच बोलले, त्यांच्या चर्चचे काय? त्या प्रश्नांमुळे डच रिफॉर्म्ड चर्चच्या अधिकृत प्रतिनिधींना उभे राहून सांगावे लागले, की योंकर यांचे म्हणणे हेच आमचे म्हणणे. माझ्या मते त्या परिषदेतले मोलाचे काम त्या कुरकुरणाऱ्यांनी केले. क्षमा देऊन झाली होती, तरी कबुली नीट झाली नव्हती; ती त्यांनी करून घेतली.

पाच वर्षांनी लोकशाही सरकारने कायदा करून सत्य आणि समेट आयोग नेमला, टुटू त्याचे अध्यक्ष. या आयोगाचे काम कसे चाले, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना नीट माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगते. ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांनी उघड सभेत येऊन आपली हकिकत सांगायची. एकवीस हजारांहून अधिक लोकांच्या जबान्या नोंदल्या गेल्या. एप्रिल १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी चाकाच्या खुर्चीतल्या एका छळ झालेल्या वृद्धाची साक्ष ऐकताना टुटू टेबलावर डोके टेकून रडले. ज्यांनी अत्याचार केले त्यांच्यासाठी दुसरी वाट होती. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण माहिती, काही न लपवता, दिली तर शिक्षेतून माफी मिळू शकत होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांतले ८४९ मंजूर झाले. पश्चात्ताप दाखवण्याची अट मात्र नव्हती. कायद्याला डोळ्यांतले पाणी मोजता येत नाही. खरे सांगितले की नाही, एवढे तपासता येते.

यातल्या एका अर्जाची गोष्ट सांगते. एमी बील ही २६ वर्षांची अमेरिकन मुलगी केपटाउनजवळ शिकत होती, देशातल्या पहिल्या सर्वांच्या निवडणुकीच्या तयारीला मदत करत होती. २५ ऑगस्ट १९९३ रोजी मित्रमैत्रिणींना घरी सोडायला ती गुगुलेतू वस्तीत गेली. रस्त्यावर चिडलेला जमाव होता. त्यांना दिसला तो फक्त तिचा गोरा रंग. दगडांनी आणि सुऱ्याने तिला मारले. चार तरुणांना १८ वर्षांची शिक्षा झाली, पुढे त्यांनी माफीसाठी अर्ज केला. एमीचे आईवडील अमेरिकेहून सुनावणीला आले आणि त्यांनी विरोध केला नाही. १९९८ मध्ये चौघे सुटले. आईवडिलांनी एमीच्या नावाने त्याच वस्त्यांतल्या मुलांसाठी संस्था चालवली होती; त्या चौघांतले दोघे पुढे तिथेच कामाला लागले. वडील २००२ मध्ये वारले. आई त्या दोघांबरोबर व्यासपीठावर बसून बोलत राहिली.

मला दोन मुली आहेत. मी हे करू शकले असते, असे लिहायला माझा हात धजत नाही.

आणि सर्वांनी असे करावे, असेही मी म्हणणार नाही. स्टीव्ह बिको यांना १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मारहाण झाली आणि ते मेले. त्यांच्या कुटुंबाने या माफीच्या कायद्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्यांना न्याय हवा होता, खटला हवा होता. कोर्टाने त्यांचे म्हणणे फेटाळले, पण १९९९ मध्ये आयोगाने त्या पोलिसांनाही माफी नाकारली. बिको कुटुंबाला कठोर म्हणणारे ख्रिस्ती लोक मला भेटले आहेत. क्षमा करणाऱ्याला आपण डोक्यावर घ्यावे, पण क्षमा मागणाऱ्याच्या बाजूला बसून ज्याचे गेले त्याला घाई करू नये. ती घाई मी स्वतः फोनवर केली होती.

दक्षिण आफ्रिकेच्या मंडळ्यांत एक गोष्ट सांगतात. एका मुलाने शेजारच्या मुलाची सायकल चोरली. वर्षभराने तो येऊन म्हणतो, झाले गेले विसरू, चल समेट करू. दुसरा विचारतो, सायकलीचे काय? पहिला म्हणतो, सायकलीचे बोलणे नकोच, आपण समेटाविषयी बोलतोय. आयोगाने छळ झालेल्यांना भरपाई द्यावी अशी शिफारस केली होती. २००३ मध्ये सरकारने एकदाच प्रत्येकी ३० हजार रँड देऊन विषय मिटवला, आणि त्यात अनेकांना सायकलच आठवली. चर्चचेही तसेच. काळ्यांचे आणि मिश्रवर्णीयांचे चर्च १९९४ मध्ये एक झाले. गोऱ्यांच्या मूळ चर्चशी त्यांचे एकीकरण मात्र अनेक वर्षांच्या बैठकांनंतरही रखडलेलेच राहिले. जक्कयाला हा प्रश्न कोणी विचारावा लागला नव्हता. प्रभू त्याच्या घरी जेवायला आला, हीच कृपा. कोणतीही अट घातली नव्हती. चौपट परत करतो, हे त्याने त्यानंतर, सर्वांसमोर, आपणहून सांगितले.

म्हणून मी गेल्या महिन्यात त्या शहरातल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना भेटले. कापणीच्या सणाला, जेवणाआधी मला पाच मिनिटे द्या, असे सांगितले, आणि काय बोलणार तेही सांगितले. ते भले माणूस आहेत, ओसरीच्या काळी ते इथे नव्हतेही. त्यांनी विचारले, “वसतिगृहाच्या मुली धरून दोनशे जण होतात, टेबलं पुरणार नाहीत. मग कसं करायचं?” मी म्हटले, टेबले काढूनच ठेवू, सगळेच सतरंजीवर बसू. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या देऊ, मलाही एक लागेल. त्यांनी वडील मंडळींना विचारून कळवतो म्हटले, आणि चार दिवसांनी होकार आला.

मग मी तिला फोन केला. या वेळी रेंजविषयी काही बोलले नाही. मी काय बोलणार आहे ते वाचून दाखवले. तिने एके ठिकाणी थांबवले. “‘आमच्याकडून’ नका म्हणू, बाई. ‘माझ्याकडून’ म्हणा.” मी तसे खोडून लिहिले. सणाला येशील का, असे विचारले.

“ड्यूटी बघून सांगते,” ती म्हणाली.

अजून तिने कळवलेले नाही.